रुमालाखाली

आमचे आप्पा हळदीच्या पेठेत, अडत्याच्या गादीवर.
त्या काळी भाव तोंडानं बोलत नसत.
हातावर रुमाल टाकायचा,
खाली बोटं बोटांना आकडा सांगायची,
आणि भोवतीच्या माणसांना दिसायचं
नुसतं हलणारं कापड.

मला ते शिकवलं त्यांनी, मी पाचवीत असेन.
धरली तितकी बोटं, तितका आकडा.
तळव्यावर नखानं रेघ ओढली, की वर अर्धा.
"हळू दाब," म्हणायचे, "समोरच्याला कळलं की झालं."

आता मिरजेचे डॉक्टर दाबतात.
अठ्ठावीस सांधे, एकेक मोजून.
शून्य ते दहा, किती दुखतं, पद्मश्रीताई?
मी चार म्हणते.
सात आहे, पण सात म्हटलं की स्टेरॉईड वाढतं,
स्टेरॉईड वाढलं की साखर,
आणि साखर वाढली की विश्रामबागचे डॉक्टर
चष्म्यावरून बघतात, "गोड खाल्लं ना?"
पेनकिलर मागावी तर क्रिएटिनिन आडवं येतं.
प्रत्येकाची फाईल वेगळी.
सगळ्या एकाच पिशवीत नेते मी,
कोपरात अडकवून, कारण मुठीत पिशवी राहत नाही.

थायरॉईडची गोळी पहाटेची, उपाशीपोटी, एकटी.
कॅल्शियमशी तिचं पटत नाही, मध्ये चार तास लागतात,
दोन जावांच्या चुली असाव्यात तसे.
बीपीची चहानंतर. डोळ्यांत थेंब, कारण
अश्रूही आता बाहेरून आणावे लागतात.
बुधवार मोठ्या गोळीचा.
गुरुवार माझा नसतो.

चिठ्ठीवर लिहिलंय, रात्री जेवणानंतर.
आम्ही दिवस असताना जेवतो, बस्तीतली शिस्त.
नऊ वाजता एक घोट पाणी घेते गोळीपुरतं.
तो घोट कुणाच्या खात्यावर पडतो
ते मी महाराजांना विचारलं नाही,
डॉक्टरांनाही नाही.

आणि भेटेल तो सांगतो, हळद घ्या, दुधातून घ्या.
अहो, सांगलीत राहते मी!
मार्केट यार्डावरून आलेली रिक्षासुद्धा
दारात उभी राहून पिवळं खोकते.
हळदीनं जायचं असतं,
तर आप्पांची बोटं शेवटी अशी
नांगरल्यासारखी वाकली असती का?

स्ट्रिपांच्या डबीचं झाकण मी अडकित्त्यानं उघडते.
सुई टोचली तरी सुजल्या बोटातून
थेंब लवकर येत नाही,
पिळावं लागतं, आणि पिळायला दुसरा हात
तोही माझाच.
बँकेतल्या पोरानं सही परत पाठवली,
"काकू, ही तुमचीच का?"
मी म्हटलं, परवापर्यंत होती.

इन्सुलिनच्या पेनचं बटण बाळगोंडा दाबतो.
सूतगिरणीत जन्म गेला त्याचा, बोलणं कमीच.
दिवसा तो कधी विचारत नाही.
रात्री चादरीखाली हात पुढे करतो.
आप्पांचे आकडे मीच शिकवलेत त्याला.
दाबायला जमत नाही आता, मी बोटं नुसती टेकवते,
एक, दोन, पाच, पुन्हा दोन.
तो कळलं म्हणून तळवा मिटतो
आणि चार म्हटल्याचं कुठे बोलत नाही.

परवा मी आकडा सांगून हात काढून घेत होते.
त्यानं सोडला नाही.
माझ्याच दुखऱ्या बोटांवर, अगदी हळू,
त्यानं तीन बोटं ठेवली
आणि नखानं रेघ ओढली.
"कुठं?" मी विचारलं.
तो कूस बदलून झोपला, किंवा झोपल्यासारखा.

सकाळी मिरजेची बस.
माझं तिकीट अर्धं, त्याचं पूर्ण.
केसपेपरच्या खिडकीतली मुलगी म्हणाली,
"पेशंट कोण?"
मी पिशवी ओट्यावर ठेवली.
त्यात पाच फायली होत्या, सगळ्या माझ्या.
"अजून एक कोरी द्या," म्हटलं,
"नाव लिहा, बाळगोंडा मगदूम."
तो भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा,
कानाच्या पाळ्या लाल,
भर पेठेत कुणी रुमाल उचलल्यासारख्या.